पाहुणे आत आहेत

भिंगरीला 'तुम्ही' म्हणणारं जगात एकच कोणी होतं, आणि तो होता बाथरूममधला आरसा.

शाळेत सर 'ए' म्हणायचे, आजोबा 'भिंगरे', आणि आई घाईत असली की नुसतं 'अगं'. पण सकाळी डोळे चोळत तिने दारातल्या पायपुसण्यावर पाय ठेवला की आरशाच्या कडेचा दिवा उजळायचा आणि एक मऊ, ना बाईचा ना पुरुषाचा आवाज म्हणायचा, "या. तुमचं पाणी तापलं आहे." केसांचं घरटं, तोंडात ब्रश, एकाच पायात मोजा, अशा अवतारातल्या मुलीला 'या'! पहिल्या दिवशी ती इतकी हसली की टूथपेस्टचा फेस थेट आरशावर उडाला.

"त्याला तुझं वय माहीत नाही," आई म्हणाली. "माहीत असूच नये. म्हणून सगळ्यांना सरसकट अहो-जाहो."

"म्हणजे अज्ञानापोटी मान मिळतोय मला."

"मिळतोय ना? मग घे की मुकाट्याने."

आई अशी उपकरणं बनवणाऱ्या कंपनीतच होती. आरसा, शॉवर, गिझर, कमोडची सीट, पायपुसणं ही मंडळी एकमेकांशी बोलायची आणि माणसाचं वजन, नाडी, त्याला लागणारी पाण्याची ऊब असलं सगळं क्लाउडवर ठेवायची. ते कोणाच्या हाती लागू नये हे बघणं आईचं काम. "बाथरूममध्ये माणूस स्वतःपुरता असतो," ती म्हणायची. "तिथे डोकवायचं नसतं. मशीननेसुद्धा." म्हणून कॅमेरा नाही, नावं नाहीत, आवाज कोणाचा हे ओळखायचं नाही. ज्याची माहिती त्याच्या कुलपात, आणि किल्ली म्हणजे तो स्वतः. तो पायपुसण्यावर उभा राहिला तरच त्याचं त्याला दिसणार. कंपनीला दिसणार नाही, आईलाही नाही. अनोळखी कोणी आलं तर आरसा त्याला 'पाहुणे' म्हणायचा आणि त्यालाही तितकंच पक्कं कुलूप द्यायचा.

फक्त एक करावं लागे. आत जाताना 'येतो' किंवा 'येते' म्हणायचं आणि बाहेर पडताना 'जातो' किंवा 'जाते'. पाणी सांडलं की पायपुसणं गोंधळायचं, म्हणून माणसाचा शब्द प्रमाण मानायचा, असं आईच्या ऑफिसात ठरलं होतं.

सहा जणांचं आपलं ऑफिस, वातानुकूलित, काचेचं. तिथे सगळ्यांनी महिनाभर 'येतो, जातो' म्हणून बघितलं होतं आणि काही म्हणजे काही चुकलं नव्हतं.

मग आजोबा राहायला आले.

आजोबा म्हणजे आईचे वडील. एकटे राहत असताना ते मोरीत घसरले होते आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण काठी आली, आणि डॉक्टरांनी बजावलं की आंघोळीच्या वेळी कोणीतरी सोबत हवं.

"आंघोळ म्हणजे काय जाहीर सभा आहे?" आजोबा म्हणाले.

"अण्णा, मदतनीस ठेवू. नुसता उभा राहील तो."

"उभा राहून काय करील? टाळ्या वाजवील?"

आई हसली नाही. आजोबाही हसले नाहीत. आयुष्यभर वर्गावर उभं राहून शिकवलेला माणूस तो. इस्त्रीच्या शर्टाशिवाय दारातला पेपरसुद्धा उचलायचे नाहीत. भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं तर ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होते, पुन्हा पुन्हा, जणू तिथे काही लिहिलेलं पुसायचं होतं.

शेवटी तह झाला. आजोबा एकटे जातील, कडी लावून. आत ते पडले तर उपकरणांना कळेल, घरभर घंटा होईल आणि आईचा फोनही वाजेल. आत दोघं असतील तर मात्र घंटा नाही. सोबतच्या माणसाला आधी विचारायचं की मदत हवी का, कारण सोबत माणूस असताना उगाच बोभाटा नको. पण घंटेत एकदा जरी चूक झाली, तर कडी जाणार आणि मदतनीस येणार.

"कबूल," आजोबा म्हणाले आणि टॉवेल घेऊन उठले.

त्यानंतर रोज सकाळी, आई ऑफिसला गेल्यावर आणि भिंगरीची शाळा भरण्याआधी, बाथरूमच्या दारामागून दोन आवाज यायचे. आधी टक्, मग खट्. आजोबांच्या एका हातात काठी असायची आणि दुसऱ्यात कपडे. कडी लावायची तर काठी आधी भिंतीला टेकवावीच लागायची. टक्, खट्. ते ऐकलं की भिंगरी निश्चिंतपणे दप्तर भरायला घ्यायची.

अडचण आली ती एका शब्दाची.

"बाहेर पडताना 'जातो' म्हणायचं, आजोबा."

"ते नाही जमायचं."

"अहो, यंत्र आहे ते!"

"यंत्र असेल. तोंड माझं आहे. माझ्या वयाच्या माणसाने 'जातो' म्हणायचं नसतं, भिंगरे. लोक खरं मानतात."

आणि ते दारात उभे राहून आरशाकडे वळले, मान किंचित झुकवली आणि एखाद्या जुन्या स्नेह्याच्या घरून निघावं तसं म्हणाले, "बरंय, येतो."

भिंगरीला काही वाटलं नाही. घरातून निघताना तीही 'येते' म्हणायची. दिवसभर ऑफिसात 'जातो' हा शब्द तपासणारी आईसुद्धा सकाळी पायात चपला सरकवताना 'येते गं' म्हणूनच निघायची.

नंतर कधीतरी भिंगरीला आंघोळीला जायचं होतं. आजोबा आपल्या खोलीत पेपर वाचत बसले होते. बाथरूमच्या दाराशेजारी एक छोटी पट्टी होती. आत कोणी नसलं की हिरवी, असलं की लाल. ती लाल होती, आणि तिच्यावर अक्षरं होती.

पाहुणे आत आहेत. कृपया थांबा.

तिने दार वाजवलं. मग ढकललं. आत वाफ होती, आजोबांच्या साबणाचा वास होता आणि त्यांचं प्लास्टिकचं स्टूल होतं. बाकी कोणी नव्हतं.

कोडं सुटायला तिला ब्रशवर पेस्ट लावण्याइतकाच वेळ लागला. पायपुसणं म्हणालं, एक जण बाहेर गेला. शब्द म्हणाला, 'येतो', म्हणजे एक जण आत आला. आवाज कोणाचा हे तपासायचं नाही, मग आलेला तो पाहुणा. ती एकटीच खो-खो हसली. काचेच्या ऑफिसातल्या सहा हुशार माणसांना हे सुचलं नव्हतं!

"जाते," तिने त्या नसलेल्या पाहुण्याच्या वतीने आरशाला सांगितलं.

"क्षमा करा," आरसा म्हणाला. "पाहुण्यांचं जाणं पाहुण्यांनीच सांगायचं आहे."

हेही बरोबरच होतं. दुसऱ्याला कोणी परस्पर घालवू नये म्हणून आईनेच केलेला नियम.

आईला सांगायला ती फोनपर्यंत गेली आणि थांबली. एकदा जरी चूक झाली तर. खोलीतून आजोबांच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. पडल्यापासून ते गुणगुणायचे बंद झाले होते. कडी मिळाल्यापासून पुन्हा सुरू झाले होते. तिने फोन ठेवला आणि शाळेचा स्वेटर दाराशेजारच्या खुंटीला असा अडकवला की त्याच्या बाहीमागे लाल पट्टी झाकली जावी.

आजोबा रोज 'येतो' म्हणत राहिले. पट्टी रोज तेच म्हणत राहिली, पाहुणे आत आहेत. हे आदरार्थी एकाला होतं की रोज एकेक वाढून खरंच पुष्कळ झाले होते? भिंगरीने व्याकरणाच्या तासाला यावर विचार केला. मराठीत ते कळायला काही मार्ग नव्हता.

एकदा गंमत म्हणून तिने आरशाला विचारलं, "पाहुण्यांचं वजन किती?"

"माहिती नाही," आरसा म्हणाला.

तिला बरं वाटलं. नसलेल्याला वजन नसतं.

पण मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. आजोबा आंघोळ झाली की स्टूल शॉवरखालून काढून भिंतीशी सरकवायचे. शाळेतून आल्यावर ते कोपऱ्यात असायचं, खिडकीखाली, आरशाकडे तोंड करून ठेवावं तसं. स्टुलाला तोंड नसतं हे भिंगरीला माहीत होतं. तरी ते तसं दिसायचं. गिझरचा दिवा दुपारी कोमट पाण्यावर लागलेला असायचा. इतकं कोमट पाणी या घरात कोणालाच चालायचं नाही, आजोबांना तर कढत लागायचं. आणि पायपुसणं. सगळं बाथरूम वाळून खडखडीत झालेलं असताना पायपुसण्याच्या मधोमध एक ओली जागा राहायची. ती आत येणाऱ्याची नव्हती आणि बाहेर जाणाऱ्याचीही नव्हती. बराच वेळ एकाच ठिकाणी कोणी उभं राहिलं की कशी राहील, तशी होती.

सगळ्याला कारणं होती. पाइप ठिबकत असेल. आजोबांनी स्टूल सरकवलं असेल आणि विसरले असतील. भिंगरीने ती कारणं मनात नीट लावून ठेवली, इस्त्रीच्या कपड्यांसारखी.

मग तिने आरशाला पुन्हा विचारलं.

"पाहुण्यांचं वजन किती?"

दिवा जरासा मंद झाला. "ते फक्त पाहुण्यांनाच सांगता येईल," आरसा म्हणाला.

भिंगरी ब्रश हातात धरून उभी राहिली. 'माहिती नाही' आणि 'सांगता येणार नाही' यांत फरक होता, आणि तो शिकवायला व्याकरणाच्या बाईंची गरज नव्हती.

तिने स्वतःचं 'जाते' म्हटलं आणि बाहेर आली. दार मात्र तिने नेहमीसारखं आपटलं नाही, आवाज होऊ न देता लोटलं.

त्याच आठवड्यात, संध्याकाळच्या चहाला बसलेले असताना, आजोबा म्हणाले, "आज तुमच्या आरशाने गंमतच केली. म्हणाला, पाहुण्यांना तुमची माहिती बघायची आहे, दाखवू का?"

आई अजून यायची होती. भिंगरीचा कप ओठांपाशीच थांबला.

"मग?"

"मग काय? म्हटलं, दाखवा. काय असणार आहे, माझी नाडी आणि माझी हाडं! घरी आलेल्याला नाही कसं म्हणायचं?"

"आजोबा, कोण पाहुणे?"

"मला काय ठाऊक? तुझ्या आईचे कोणी कंपनीवाले असतील." त्यांनी बिस्किटाचा तुकडा चहात बुडवला. "सभ्य आहेत पण. विचारून बघतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी गिझर कोमटावर नव्हता. कढत होता. आजोबांना लागतो तसा.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. ती सांगणारच होती, रविवारी, आईला सुट्टी असताना, आजोबा आंघोळीला गेलेले असताना, हळू आवाजात. रविवार उजाडला. आई टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. बाथरूममधून टक्, खट् झालं. पाणी वाहायला लागलं, बराच वेळ वाहिलं, मग थांबलं.

"आई, मला ना..."

आत काहीतरी धप्पकन वाजलं.

आईने मान वर केली. दोघी घंटेची वाट बघत राहिल्या. घंटा झाली नाही. आईचा फोन टेबलावर तसाच गप्प होता.

"बादली असेल," आई म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. "पडले असते तर वाजली असती."

"आई, ती वाजणार नाही!"

"काय?"

"त्याला वाटतंय आत दोघं आहेत! आजोबा 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, रोज!"

आईला समजायला क्षणसुद्धा लागला नाही. ते शब्द तिनेच तर घातले होते. खुर्ची मागे पडली. दोघी दारावर मुठींनी मारायला लागल्या, "अण्णा! अण्णा!", आणि खुंटीवरचा स्वेटर खाली पडून लाल पट्टी उघडी झाली.

मग आतून काठीचा आवाज आला, आणि कडी निघाली.

आजोबा दारात उभे होते. केस विंचरलेले, अंगात कोरडा बनियन. चेहरा जरा पांढरा पडला होता, एवढंच.

"अरे, काय लूट चालली आहे?" ते म्हणाले. "स्टूल आडवं झालं. मीही होणार होतो, पण भिंगरीने धरलं ना वेळेवर."

"मी बाहेर होते, आजोबा."

"हो?" ते तिच्याकडे बघत राहिले. "हात गार होता खरा."

त्यांच्या बनियनवर, दंडाच्या थोडं मागे, काखेखाली धरून उचलावं तिथे, ओला डाग होता. बोटांसारखा म्हटलं तर बोटांसारखा. आई टॉवेल घेऊन पुढे झाली आणि पुसताना तिनेही तो पाहिला, हे भिंगरीला दिसलं.

पडण्याची नोंद तेवढी घरातल्या सगळ्यांना वाचता यायची. आईने ती आरशावर उघडली.

पडण्याची शक्यता. सोबत असलेल्यांना विचारले. उत्तर: मदत नको. धरलंय.

आईने नोंद पुन्हा एकदा वाचली. मग ऑफिसच्या आवाजात म्हणाली, "पाण्याच्या आवाजाला 'नको' समजलं असेल. होतं असं."

"आणि 'धरलंय'?"

"ते..." आईने आरशाच्या काचेला बोट लावलं आणि लगेच काढलं. "उत्तरं दोनच आहेत, भिंगरी. हवी आणि नको. तिसरा शब्द मी कुठे लिहिलेलाच नाही."

त्या दिवशी दुपारपर्यंत आईने सगळं उपटून काढलं. फ्यूज काढला, वायरी कापल्या, पायपुसणं गुंडाळलं, आरसा उतरवून आतच, दाराजवळ, भिंतीकडे तोंड करून उभा केला. दाराशेजारची पट्टी काळी झाली. स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन ती कडीकडे वळली तेव्हा आजोबा पॅसेजमध्ये येऊन उभे राहिले.

"अण्णा, उद्यापासून मदतनीस येईल."

"बरं," आजोबा म्हणाले. "आता मला धुऊन दोरीवर वाळत घालायचं, एवढंच राहिलं."

नेहमीसारखा विनोद होता, पण त्यांचा आवाज सपाट होता. आपल्या टॉवेलची घडी त्यांनी मोडली, पुन्हा घातली. अंगठा काठीच्या मुठीवर फिरायला लागला.

आईने स्क्रूड्रायव्हर खाली केला.

"भिंगरीला सगळं माझ्याआधी कळतं ना," ती थकून म्हणाली. "मग तिलाच ठरवू दे. आता आत कुठलंच मशीन चालू नाही. ती बघून येऊ दे. ठीक आहे म्हणाली तर कडी राहील, आणि ती दाराबाहेर उभी राहील. नाही म्हणाली तर मदतनीस."

भिंगरी आत गेली.

खिडकीतून ऊन येत होतं. आरशाच्या जागी भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला होता. तिने नळ उघडून बघितला, बंद केला. शॉवरखाली हात धरला. जमिनीवर वाकून पायपुसण्याच्या जागी बोटं फिरवली. फरशी कोरडी होती.

स्टूल कोपऱ्यात, खिडकीखाली होतं. तिने ते उचलून शॉवरखाली ठेवलं, चारही पाय टेकलेत ना बघितलं, वरून दाबून बघितलं.

कुठे काही नव्हतं. तिने श्वास सोडला.

इतकं साधं, उजेडाचं, रिकामं बाथरूम. तिला हसू आलं. आपणच आपल्याला किती घाबरवून घेतलं!

ती वळली, दाराची मूठ धरली, आणि घरातून निघताना सवयीने निघतो तसा शब्द तोंडातून निघून गेला.

"येते."

"ये," मागून कोणीतरी म्हणालं.

आवाज मऊ होता. ना बाईचा, ना पुरुषाचा.

तिने मागे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड केलेल्या आरशाची कापलेली वायर तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती. इतके दिवस 'या' होतं. आता ती कोण, केवढी, हे कोणाला तरी कळलं होतं.

बाहेर आजोबा उभे होते. आई त्यांच्यामागे, हात बांधून.

"काय गं," आजोबांनी विचारलं. "रिकामं आहे ना?"

ते तिच्याकडे बघत होते. पेपरमध्ये आपला निकाल शोधणाऱ्या मुलासारखे. नाही म्हटलं तर उद्या सकाळी कोणी अनोळखी माणूस त्यांच्या बनियनला हात घालणार होता, आणि पुन्हा गुणगुणणं नव्हतं. हो म्हटलं तर.

धरलंय, तिला आठवलं.

"रिकामं आहे, आजोबा."

आजोबांचा चेहरा उजळला. "बघ!" ते आईला म्हणाले. "सकाळची आंघोळ काही खरी नव्हे, आता नीट करतो." एका हातात काठी, दुसऱ्यात कपडे आणि टॉवेल, असे ते ताठ मानेने आत गेले. दार त्यांच्यामागे हलकेच लागलं.

भिंगरी दाराशी कान देऊन उभी राहिली. काठी भिंतीला टेकण्याची वाट बघत.

टक् झालंच नाही. नुसतं खट् झालं.